नव्या पेठेत, आंदोलनांच्या आठवड्यात

१९ ऑगस्ट, सोमवार

सोलापूरकराची पुण्याची गाडी ठरलेली असते, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. नाव आमच्याच चार हुतात्म्यांचं : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालवून १२ जानेवारी १९३१ ला त्यांना पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. गाडीतल्या पासवाल्यांना त्याचं फारसं काही नसतं. कुर्डुवाडी येईपर्यंत त्यांचा पत्त्यांचा डाव रंगात आलेला असतो.

२०२४ ची राखीपौर्णिमा. आप्पांना राखीला आक्काकडं जायचं म्हणजे जायचंच, गुडघे बोलोत नाहीतर कंबर. मी पतसंस्थेत आठवड्याची रजा टाकली आणि त्यांना घेऊन निघाले. आक्का म्हणजे माझी आत्या. नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहते. मुलगा बेंगळुरूला, यजमान जाऊन काही वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिने एमपीएससीच्या मुलांना कॉट बेसिसवर दिल्यात.

राखी झाली, नारळीभात झाला, आप्पांची वामकुक्षी झाली. संध्याकाळी पाहते तर आत्या जमिनीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने अक्षरं काढतेय.

"आक्का, या वयात हे काय काढलंयस?" आप्पा.

"उद्या वीस तारीख हाय."

"मग?"

"मग काय, पहाटे उठायचंय. तू येणार असशील तर लवकर झोप."

मला या आठवड्यात पुणं पाहायचं होतं. कोथरूडची मैत्रीण, तुळशीबाग, जमलं तर सिंहगड. त्यातलं फक्त तुळशीबाग झालं, तेही अर्धा तास.

२० ऑगस्ट, मंगळवार

ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथेच गोळ्या घातल्या. तेव्हापासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीची आणि इतर संघटनांची माणसं दर महिन्याच्या वीस तारखेला या पुलावर जमत आली. ऑगस्टची वीस तारीख आता देशभरातल्या विज्ञान चळवळी राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. खुनाला अकरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी १० मे ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला : गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले.

आम्ही पोचलो तेव्हा डफावर गाणं सुरू होतं. मग "आम्ही सारे दाभोलकर"ची घोषणा. पुलावरून जाणारे दुचाकीवाले क्षणभर वेग कमी करत आणि पुढे जात. आप्पा कठड्याला टेकून लांब उभे राहिले, पोलीस किती आणि साध्या वेशातले कोणते हे ओळखत. (ती त्यांची जुनी सवय. गिरणीच्या दिवसांतली.)

मी आत्याकडे बघत होते. घोषणा ती फारशी देत नाही, आवाज बसतो म्हणते. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी. त्यात सेफ्टी पिना, सुतळी, दोन मार्कर, आयोडेक्स आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे येई. कुणाचा फलक सुटलेला, कुणाला पिन हवी. "काय हो, मागच्या वेळी दिसला नाहीत?" हे तिने निदान सात-आठ जणांना विचारलं असेल, आणि प्रत्येकाने नीट कारण दिलं. नातीचं बारसं. मोतीबिंदू. एकाने तर चक्क "कंटाळा आला होता" म्हणून सांगून टाकलं. त्याला तिने चिक्की दिली नाही.

एक गृहस्थ मात्र खरंच आले नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आत्याने त्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गाणं संपेपर्यंत मोबाईल डफाच्या दिशेला धरून उभी राहिली. गाणं झाल्यावर तिकडून आवाज आला, "दुसऱ्या कडव्यात चुकले ते." दोघं हसली, फोन ठेवला.

येताना केळकर रस्त्याला चहा प्यायलो. मी विचारलं, "आत्या, तू या लोकांत आलीस कशी गं?"

"आमचे हे गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. घरात बसवत नव्हतं म्हणून सकाळी चालत सुटायचे. एका वीस तारखेला पुलावर ही गर्दी. मी बघत उभी. वारं होतं, बॅनर फडफडत होता. एक बाई म्हणाली, हे टोक धरता का जरा? धरलं."

"एवढंच?"

"एवढंच. तासभर धरून उभी होते. कुणी विचारलं नाही, मुलगा कुठं असतो, सून कशी आहे, एकट्याच राहता का. जाताना तीच बाई म्हणाली, पुढच्या वीसला येताय ना. तोवर मला कुणी सहा महिन्यांत कशाला या म्हणून बोलावलं नव्हतं. तेराव्यानंतर लोक येणं थांबतात, पोरी. बोलावणं तर त्याच्या आधीच थांबलेलं असतं."

आप्पा बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "म्हणजे तुला दाभोलकरांचं काही नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. आता हाय. त्यांची सगळी पुस्तकं वाचली मी त्यानंतर. तू एक तरी वाचलंयस का?"

आप्पांनी पैसे दिले.

संध्याकाळी घरी बसलो असताना बाहेरून गलका ऐकू आला. शास्त्री रस्त्यावर मुलं बसली होती.

२१ ऑगस्ट, बुधवार

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी : अलका चौकातून दांडेकर पुलाकडे जाणारा शास्त्री रस्ता आणि भोवतीच्या पेठा म्हणजे स्पर्धा परीक्षांचं गावच. दर दुसऱ्या इमारतीत अभ्यासिका, खाली झेरॉक्स, शेजारी मेस. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली पोरं सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत शिरतात ती रात्रीच बाहेर पडतात. या वेळचं दुखणं असं की राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टला, आणि बँकेची आयबीपीएसची परीक्षाही त्याच दिवशी. दोन्हींचे फॉर्म भरलेल्यांनी करायचं काय? शिवाय कृषी विभागाच्या २५८ जागा याच परीक्षेत धरा, ही दुसरी मागणी.

हा रस्ता त्यांना नवा नाही. मार्च २०२१ मध्ये परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा याच रस्त्यावर मुलं उतरली होती. तेव्हा परीक्षा घ्या म्हणून, आता पुढे ढकला म्हणून. शेजारचे दुकानदार यावर विनोद करतात. मला त्यात विनोदाचं काही दिसलं नाही. दोन्ही वेळा निर्णय वरून झाला आणि यांना सगळ्यात शेवटी कळला.

सकाळी उठले तर आत्याच्या बोळात मुलींची रांग. मला कळेना. आत्या दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होती. रात्रभर रस्त्यावर बसलेल्या मुलींना जायला संडास नव्हता. तळमजल्यावरचा आपला तिने उघडून दिला होता, बादली भरून ठेवली होती, साबण नवा काढला होता. आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून हताशपणे मागे उभे.

"माझं काय?"

"नंबर लाव. बत्तीसावा येईल."

आप्पा चिडून बाहेर गेले, पण चिडचिड फार वेळ टिकली नाही. एका मुलीने त्यांना, "आजोबा, तुम्ही आधी जा," म्हटलं आणि मग त्यांना कसनुसं झालं. दुपारपासून बादली तेच भरत होते.

मोर्चा-धरण्यांत बायका कमी दिसतात असं लोक म्हणतात. त्यांना विचारा, जवळपास जायची सोय होती का.

दुपारी आत्याने बळेच बाहेर काढलं. गंज पेठेत फुलेवाड्याला नेलं आणि मग हमाल पंचायतीच्या "कष्टाची भाकर" केंद्रात जेवायला. झुणका-भाकर, ठेचा, कांदा. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर. बाबा आढावांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली. हमाल-माथाडींचा कायदा १९६९ साली झाला, त्यामागेही अशीच वर्षानुवर्षांची आंदोलनं होती. (पुढे नोव्हेंबरात, वयाची चौऱ्याण्णव वर्षं ओलांडलेले बाबा याच फुलेवाड्यात आत्मक्लेश उपोषणाला बसले तेव्हा आत्या रोज जाऊन बसत होती. फोनवर मला त्यांच्या तब्येतीपेक्षा आज कोण कोण भेटलं हेच जास्त सांगायची.)

तिथेच आप्पा पहिल्यांदा बोलले. सोलापूरच्या ज्या गिरणीत ते होते तिथे त्यांच्या तरुणपणी संप झाला. तो मोडला. त्यांना परत घेतलं, दोन मित्रांना घेतलं नाही.

"आक्का, तुला वीस तारखेला चिक्की वाटायला बरं वाटतं. आमच्याकडं संपात भाकरी गेली. बरं वाटायला मोर्चा काढायचा नसतो."

आत्याने उत्तर दिलं नाही. भाकरी मोडून त्यांच्या ताटात वाढली. थोड्या वेळाने मीच विचारलं, "आप्पा, ते दोघं मित्र कुठं असतात आता?"

"एक गेला. दुसरा अक्कलकोट रोडला. दर गुरुवारी येतो की आपल्याकडं, तूच चहा करतीस."

मला तो माणूस गुरुवारी का येतो हे आजवर ठाऊक नव्हतं. आप्पांनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण ते एकदम ठेच्याला नावं ठेवू लागले.

रात्री मी मुलांत जाऊन बसले. वरच्या खोलीतला, परभणीकडचा मुलगा शेजारी होता. मान खाली घालून. कुणी मोबाईल वर केला की तो आणखी खाली जाई.

"घाबरतोयस?"

"ताई, गुन्हा दाखल झाला तर पोस्ट निघूनही चारित्र्य पडताळणीत अडकतं. घरी तर सांगितलंच नाही."

"मग आलास कशाला?"

त्याने जरा वेळ घेतला. "तीन वर्षं झाली मला इथं. रीडिंगमध्ये माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक जण बसतो. त्याची पाण्याची बाटली निळी हाय, त्याला सर्दी कधी होते, सगळं मला माहीत. नाव काल रात्री कळलं. जिंतूरचा निघाला तो. मी गंगाखेडचा! इतकं वर्ष आम्ही मराठवाड्याचं कुणी नाही म्हणून गप बसून डबा खायलो."

निळ्या बाटलीवाला पलीकडेच होता. दोघांनी मिळून एका चादरीवर बस्तान मांडलं होतं.

अभ्यासिकेत शेजारचा म्हणजे स्पर्धक. एक जागा त्याला गेली की आपली एक कमी. रस्त्यावर मात्र जितके जास्त तितकं बरं. तीच माणसं, घरापासून शंभर पावलांवर, पण हिशोब उलटा. दोन रात्री का होईना, दुसऱ्याचं असणं आपल्या फायद्याचं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मेसवाल्याने पोह्यांचं पातेलं पाठवलं. वाढायला इतके हात पुढे आले की निम्मे पोहे रस्त्यावर सांडले.

एका मुलीने सांगितलं की ती आठवीत असताना आईबरोबर पुण्याच्या मराठा मूक मोर्चाला आली होती, २५ सप्टेंबर २०१६ ला. एवढी गर्दी आणि घोषणा एकही नाही. "आई घरात सतत बोलते. त्या दिवशी दिवसभर माझा हात धरून गप्प चालली. तेच आठवतं." म्हणजे ओरडून मन मोकळं होतं म्हणून लोक येतात, हे जे आपण म्हणतो ते अर्धंच असावं.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली सुमारे चाळीस आंदोलकांशी बोलून असाच निष्कर्ष काढला होता : सामूहिक कृतीतून माणसाला जो आनंद आणि बळ मिळतं त्यामागे आपण एक आहोत ही जाणीव आणि एकमेकांचा आधार असतो, आणि तो परिणाम मनाच्या आरोग्याला चांगला असतो. मी हे आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाळीस जणांना विचारायला विद्यापीठ कशाला? आमच्या पुलावर ये म्हणावं."

पण आप्पांचं म्हणणं मनातून जात नव्हतं. बरं वाटणं हेच एखाद्याचं काम होऊन बसतं. असेही दोघं-तिघं मला त्या रात्री दिसले : प्रत्येक कॅमेऱ्यासमोर पुढे, मागण्या विचारल्या तर अडखळणारे. आणि नेतेमंडळी येऊ लागली की बसलेल्यांची गोलाकार बैठक आपोआप मोडते, सगळे एका दिशेला तोंड करतात. पोहे वाढणारे मागे पडतात.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. बातमी मोबाईलवर आली आणि रस्त्यावर एकच आरडाओरडा. शिट्ट्या, मिठ्या. कृषीच्या जागांचं काय म्हणत काही जण हटायला तयार नव्हते, बाकीचे पांगू लागले. (ही पूर्वपरीक्षा नंतर १ डिसेंबरला झाली.)

गंगाखेडचा मुलगा घरी येऊन झोपला. संध्याकाळी जिन्यात भेटला, हातात डबा.

"अभिनंदन!"

"हो ना. झालं एकदाचं." मग चप्पल घालत, "आता परत तेच, ताई. खुर्ची."

"तो जिंतूरचा?"

"तो पण येईल. पण रीडिंगमध्ये बोलता येत नाही ना. पाटी लावलीय."

मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही. "मेमध्ये निकाल लागला ना, त्या दिवशी मला असंच झालं होतं. कोर्टाबाहेर सगळे. दोघांना तरी शिक्षा झाली म्हणून हायसं वाटलं, तिघं सुटले म्हणून संताप आला. आणि घरी येताना रिक्षात एक घाणेरडा विचार आला. म्हटलं, आता वीस तारीख बंद झाली तर?"

"मग?"

"मग काय. लाज वाटली. त्या माणसाचा जीव गेला आणि मी माझ्या संध्याकाळचं बघतेय." मेथीची जुडी झटकून तिने दुसरी घेतली. "कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या बैठकीत गुडघेवाले म्हणाले, मला भीती वाटली होती आपण आता भेटणार नाही. तेव्हा कळलं, सगळ्यांनाच आला होता तो विचार."

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आप्पांना पावसाळ्यातलं मुळशी पाहायचं होतं. पौडमार्गे गेलो. धुकं, मक्याची कणसं, सेल्फीवाले. या पाण्याखाली गावं आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरण होणार म्हणून मावळे शेतकरी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापट त्यांचे पुढारी, घोषणा "जान किंवा जमीन". तीनेक वर्षं लढले. जमीन गेली, धरण झालं. पुण्यात सेनापतींच्या नावाचा मोठा रस्ता आहे. त्यावर रोज वाहतूक तुंबते.

आप्पा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. "हरले बघ," म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत. गाडीवाला घाई करत होता.

२४ ऑगस्ट, शनिवार

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने आठवडाभर राज्य पेटलेलं होतं. महाविकास आघाडीने शनिवारी महाराष्ट्र बंद पुकारला होता. आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने बंदला मनाई केली, म्हणून बंदऐवजी तोंडाला काळ्या फिती लावून मूक आंदोलन. पुण्यातलं स्टेशनजवळ, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी. शरद पवार, सुप्रिया सुळे येणार होते. आमची परतीची गाडी संध्याकाळी सहाची, तिथूनच. आत्या म्हणाली सामान घेऊन सकाळीच निघू, मी तिकडं जाते, तुम्ही बसा.

पाऊस धो धो. आप्पा बॅगा घेऊन स्टेशनातल्या उपाहारगृहात बसले. पक्षांच्या आंदोलनात मी नाही येणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी आत्याबरोबर गेले. खरं सांगायचं तर मला पुलासारखं काही जाणवलं नाही. पुढे नेते, मग कॅमेरे, मग कार्यकर्ते, मग छत्र्या. बायका मात्र खूप आल्या होत्या, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्याही. एक जण शाळेच्या गणवेशातल्या मुलीला घेऊन उभी होती. तिच्या छत्रीची काडी मोडली होती. आत्याने पिशवीतून सुतळी काढली, काडी बांधून दिली. काळ्या फितीमुळे दोघी बोलल्या नाहीत. त्या बाईने खांद्याला हात लावला आणि मग तशाच दोघी तासभर एका छत्रीत उभ्या राहिल्या.

भिजून परतलो. आप्पांनी दोन कडक चहा सांगून ठेवले होते.

"काय झालं यानं?" आप्पा.

"माहीत नाही."

"मग?"

"मग तू बॅगा राखत बसलास त्यानं काय झालं?"

आप्पांनी नेहमीप्रमाणे विषय बदलला. "तो गुडघेवाला आला होता का?"

"नाही रे. शनिवारी सकाळी त्याच्याकडं व्यायाम घेणारा पोरगा येतो."

"मग त्याला दुपारची वेळ घ्यायला सांग की. पुढच्या वीसला कसा येणार तो? आणि चिक्की सोलापूरहून पाठवतो, ही इथली दाताला चिकटते."

आत्या केस पुसत म्हणाली, "पाठव. पण किलोभर पाठव, पावशेर नको."

संध्याकाळी गाडी लागल्याची घोषणा झाली, तेव्हा ती दोघं अजून चिक्कीत गूळ किती असावा यावर भांडत होती.